आकाशातली तिथी, माणसाचा दिवस

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आयुष्यभर गणित शिकवत आणि न चुकता एकादशी करत. या दोन गोष्टींचं आपसात वाकडं आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. त्यामुळे विषय निवडायला मला वेळ लागला नाही. गणित आणि व्रत एकाच ओळीत भेटतात ते पंचांगात. आज आपण त्या ओळीविषयी बोलू.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत वर्षातून काही वेळा लागोपाठ दोन दिवशी एकादशी छापलेली दिसते. एकीपुढे ‘स्मार्त’ असतं, दुसरीपुढे ‘भागवत’. मग घरोघरी फोन सुरू होतात. साबुदाणा आज भिजवायचा की उद्या? तुमची कोणती, आमची कोणती? आणि कुणीतरी तरुण मुलगा विचारतोच, ‘पण खरी कोणती?’ या प्रश्नावर वडीलधारी मंडळी बहुधा गप्प बसतात किंवा रागावतात. मला हा प्रश्न रास्त वाटतो, आणि त्याला उत्तर आहे. दोन्ही खऱ्या आहेत. तिथी आकाश ठरवतं, पण व्रताचा दिवस माणूस ठरवतो. आजच्या व्याख्यानात मला सांगायचं आहे ते एवढंच. मात्र या एका वाक्यातून बरंच काही निघतं, आणि त्यातलं काही आपल्याला अडचणीचंही आहे.

प्रथम आकाशाकडे पाहू. अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत असतात. तिथून चंद्र पुढे सरकतो. सूर्य दिवसाला सुमारे १ अंश चालतो, चंद्र सुमारे १३ अंश. दोघांतलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. अशा ३० तिथी भरल्या की चांद्रमास पुरा होतो, आणि तो सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा असतो. म्हणजे सरासरी तिथी २४ तासांपेक्षा थोडी लहान, २३ तास ३७ मिनिटांच्या आसपास. पण सरासरीवर पंचांग चालत नाही. चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार असल्यामुळे तो कधी वेगाने जातो, कधी रेंगाळतो. त्यामुळे एखादी तिथी २० तासांतच आटोपते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. ती दुपारी लागेल, मध्यरात्री लागेल, पहाटे चारला लागेल. सूर्योदयाशी तिचं काही देणंघेणं नाही.

आपलं मात्र सूर्योदयाशी देणंघेणं आहे. आपण सकाळी उठतो, रात्री झोपतो, आणि उपवास दिवसाचा करतो. मग तिथी आणि दिवस यांची सांगड घालायची कशी? जुन्या लोकांनी सोपा नियम केला. सूर्योदय ही हजेरीची वेळ. त्या क्षणी जी तिथी वर्गात हजर असेल तिचं नाव त्या दिवसाला. एखादी लांबलेली तिथी लागोपाठ दोन दिवस हजेरी देते, ती वृद्धितिथी. एखादी आखूड तिथी हजेरी झाल्यावर येते आणि दुसऱ्या दिवशीच्या हजेरीआधी निघून जाते. ती वर्गात येऊन गेलेली असते, पण पटावर तिची खूण राहत नाही. तो क्षय. आकाशात एकही तिथी बुडत नाही. बुडते ती आपल्या पटावरून.

नियम माणसाने केला, म्हणून तो जागेप्रमाणे बदलतो. मुंबई आणि गडचिरोली यांच्या रेखांशांत सुमारे ७ अंशांचं अंतर आहे. गडचिरोलीला सूर्य मुंबईच्या जवळपास अर्धा तास आधी उगवतो. तिथी नेमकी त्या अर्ध्या तासात बदलली, तर एकाच राज्यात, एकाच सकाळी, दोन गावांच्या सूर्योदयाला दोन वेगळ्या तिथी असतात. अमेरिकेतल्या आपल्या मंडळींना हे जास्त ठळकपणे जाणवतं. समजा, पुण्यात सोमवारी सकाळी सव्वासातला एकादशी लागली आणि मंगळवारी सातला संपली. सोमवारचा सूर्योदय दशमीत गेला, म्हणून पुण्यात उपवास मंगळवारी. न्यूयॉर्कमध्ये मात्र उन्हाळ्यात तीच एकादशी रविवारी रात्री पावणेदहाला लागते आणि सोमवारी रात्री साडेनऊला संपते. तिथला सोमवारचा सूर्योदय एकादशीचा, म्हणून तिथे उपवास सोमवारी. पुण्याहून नेलेली दिनदर्शिका न्यू जर्सीच्या स्वयंपाकघरात लावून एकादशी करणारा माणूस श्रद्धेने खरा असतो, गणिताने चुकतो. इस्कॉनसारखी संस्था म्हणूनच शहरागणिक वेगळी वैष्णव दिनदर्शिका काढते.

आता व्रतांकडे येऊ. सगळी व्रतं सूर्योदय बघत नाहीत. ज्या वेळी जे कर्म करायचं त्या वेळी ती तिथी हवी, हा धर्मशास्त्राचा कर्मकालाचा विचार. रामजन्म मध्यान्हीचा, म्हणून रामनवमीला भर दुपारी नवमी पाहतात. नृसिंह संध्याकाळी प्रकटला, म्हणून वैशाख शुद्ध चतुर्दशी सूर्यास्ताच्या वेळी असावी लागते. वामन मध्यान्हीचा, कृष्ण मध्यरात्रीचा. संकष्टीला चंद्रोदय हवा, महाशिवरात्रीला निशीथकाळ. विष्णूचे अवतार जणू दिवसाचे प्रहर वाटून घेऊन आले आहेत. देवाच्या जन्मवेळेवरून सणाचा दिवस काढायचा, ही कल्पनाच मोठी देखणी आहे.

जन्माष्टमीला घोळ होतो तो इथेच. स्मार्तांनी मध्यरात्रीची अष्टमी धरली. वैष्णवांचा आग्रह असा की अष्टमीला सप्तमीचा स्पर्श नको, मग उपवास एक दिवस पुढे गेला तरी चालेल. म्हणून काही वर्षी एका देवळात कृष्णजन्म होऊन दुसऱ्या दिवशी गोपाळकाला चाललेला असतो, आणि त्याच दिवशी रात्री शेजारच्या देवळात पाळणा हलतो.

एकादशीचा वाद असाच, पण अधिक बारीक. स्मार्त म्हणतात, सूर्योदयाला एकादशी असली की पुरे. वैष्णव म्हणतात, सूर्योदयाआधी ४ घटका, म्हणजे ९६ मिनिटं, अरुणोदय सुरू होतो, तेव्हाही दशमी असता कामा नये. असली तर ती दशमीविद्धा एकादशी. ती सोडावी आणि द्वादशीला उपवास करावा. गांधारीने दशमीविद्ध एकादशी केली म्हणून तिचे शंभर पुत्र गेले, अशी कथा वैष्णव सांगतात. दशमीच्या वेधाचा धसका किती मोठा होता, हे त्या कथेवरून समजतं.

अलीकडचं एक उदाहरण घेऊ. २०२१ सालची कार्तिकी. १४ नोव्हेंबरला पहाटे पावणेसहाच्या सुमारास दशमी संपून एकादशी लागली. पंढरपुरात सूर्य उगवला साडेसहाच्या सुमारास. तेव्हा एकादशी होती, म्हणून स्मार्त एकादशी १४ तारखेला. अरुणोदय मात्र पाचच्या आसपासचा, आणि त्या वेळी दशमी चालू होती. म्हणून भागवत एकादशी १५ तारखेला. वारकरी भागवत एकादशी पाळतात, आणि कार्तिकीची शासकीय महापूजाही १५ तारखेलाच पहाटे झाली. एकादशी तासभर आधी लागली असती, तर सगळ्या महाराष्ट्राने एकाच दिवशी उपवास केला असता. दोन एकादश्यांचं गूढ म्हणतात ते अशा दीड तासाच्या पट्टीत मावतं.

हे नियम कुणी आणि कसे बांधले? यादवांच्या दरबारातल्या हेमाद्रीने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला. त्यातलं व्रतखंड म्हणजे व्रतांचं अरण्यच आहे. काशीत राहणारा, पण मूळ पैठणच्या घराण्यातला कमलाकरभट्ट. त्याने १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ लिहिला. आणि पंढरपूरचे काशीनाथ उपाध्याय, ज्यांना बाबा पाध्ये म्हणत, त्यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ पुरा केला. आपल्या गावोगावच्या भटजींनी पुढे दीडदोनशे वर्षं जो ग्रंथ प्रमाण मानला तो हाच. महाराष्ट्राच्या उपवासांचा कायदा विठ्ठलाच्या गावात लिहिला गेला, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. या सगळ्या निबंधग्रंथांचा धांडोळा विसाव्या शतकात घेतला तो महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’च्या पाचव्या खंडात व्रतं, उत्सव आणि काळ यांचा त्यांनी केलेला विचार आजही कुणाला ओलांडता आलेला नाही.

या निबंधकारांची एक गोष्ट मला फार आवडते. स्मार्त कोण आणि वैष्णव कोण, असा प्रश्न आला तेव्हा त्यांनी आधी शास्त्रातलं उत्तर दिलं, की वैष्णव दीक्षा घेतलेला तो वैष्णव. पण दीक्षा न घेतलेली हजारो माणसं पिढ्यान्‌पिढ्या वैष्णव म्हणून एकादशी करत होती. त्यांचं काय? तेव्हा जाणत्यांचं मत म्हणून त्यांनी नोंदवलं की ज्याच्या कुळात जे चालत आलं ते त्याने पाळावं. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवायची गरज ठेवली नाही. गोव्यातल्या सारस्वतांत याचं जिवंत उदाहरण दिसतं. कवळे मठाचे अनुयायी स्मार्त, पर्तगाळी मठाचे वैष्णव. भाषा एक, ताटातली आमटी एक, सोयरीक होते, आणि लग्न होऊन आलेल्या मुलीची एकादशी कधीकधी एका दिवसाने पुढे सरकते. त्यावरून कुणी धर्म बुडाला म्हणत नाही.

एकादशीइतकंच द्वादशीच्या पारण्याचंही गणित काटेकोर आहे. द्वादशीचा पहिला चतुर्थांश हा हरिवासर, त्यात पारणं करायचं नाही. द्वादशी संपण्याआधी मात्र ते व्हायलाच हवं. या दोन टोकांमध्ये सापडलेल्या राजाची गोष्ट भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. अंबरीषाने वर्षभर द्वादशीचं व्रत केलं. पारण्याच्या दिवशी दुर्वास ऋषी पाहुणे आले आणि जेवणाआधी स्नानाला यमुनेवर गेले ते येईचनात. इकडे द्वादशी संपायला अर्धा मुहूर्त उरला. अतिथीआधी जेवावं तर अपमान, न जेवावं तर व्रतभंग. राजाने ब्राह्मणांना विचारलं. त्यांनी तोड काढली की पाणी पिणं हे जेवणंही आहे आणि न जेवणंही आहे, तेव्हा पाणी प्यावं. राजा पाणी प्याला. दुर्वास परतले ते संतापूनच, त्यांनी कृत्या सोडली, सुदर्शन चक्र त्यांच्याच मागे लागलं, आणि अखेर त्यांना अंबरीषाचेच पाय धरावे लागले. भागवतकाराने कौल कुणाला दिला पाहा. नियमाची अडचण समजून घेऊन विचारपूर्वक वाट काढणारा राजा भक्त ठरला. नियमाचा आधार घेऊन दुसऱ्याला जाळायला निघालेला ऋषी पळत सुटला.

आता महिन्यांकडे वळू. १२ चांद्रमासांचं वर्ष ३५४ दिवसांचं, ऋतूंचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी ११ दिवसांची तूट. ती भरून काढायला अधिक मास. ज्या चांद्रमासात सूर्याची एकही संक्रांत होत नाही तो अधिक. साधारण ३२-३३ महिन्यांनी तो येतो, १९ वर्षांत सात वेळा. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतो तो हाच. अशा वर्षी एकादश्याही २४च्या २६ होतात. उलट एका महिन्यात दोन संक्रांती आल्या तर क्षयमास. तो फार दुर्मीळ. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षांत तो आला होता, आता यायचा तो २१२३-२४ मध्ये. इथे बसलेल्यांपैकी कुणी त्याची काळजी करू नये.

अधिक मास नेमकं काय करतो हे महाराष्ट्राने नुकतंच डोळ्यांनी पाहिलं आहे. २०२२ मध्ये १० जुलैला आषाढी एकादशी होती आणि त्याच दिवशी बकरी ईद. २०२३ मध्ये २९ जूनला पुन्हा आषाढी आणि ईद एकाच दिवशी. दोन्हींमध्ये बरोबर ३५४ दिवस गेले, कारण दोन्ही समाज चंद्रच मोजतात. त्या वर्षी राज्यातल्या कितीतरी गावांत मुसलमान बांधवांनी कुर्बानी पुढे ढकलली, ही आपल्या सामाजिक इतिहासात नोंदवून ठेवावी अशी गोष्ट आहे. त्यानंतर अधिक श्रावण आला. इस्लामी गणनेत अधिक मास नाही. त्यामुळे २०२४ मध्ये ईद १७ जूनला गेली, आणि आषाढी ३८४ दिवसांनी, १७ जुलैला आली. दोन वर्षं हातात हात घालून चाललेले दोन सण एका महिन्याने लांब झाले. त्याच अधिक श्रावणामुळे २०२३ चा चातुर्मास जूनअखेरीपासून २३ नोव्हेंबरच्या कार्तिकीपर्यंत, पाच महिन्यांचा झाला. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्यांना ते वर्ष आठवत असेल.

वारकऱ्यांचं वर्ष या गणितावर उभं आहे. देहूहून तुकोबांची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीहून माउलींची अष्टमीला. आषाढी एकादशी दिनदर्शिकेत कुठेही जावो, मागे मोजून प्रस्थान ठरलेलं. म्हणून माउलींचं प्रस्थान २०२३ मध्ये ११ जूनला झालं आणि २०२४ मध्ये २९ जूनला. शेतकऱ्याच्या हिशेबात हा अठरा दिवसांचा फरक लहान नाही. पेरणी उरकून निघायचं की निघून पेरणी घरच्यांवर टाकायची, हे त्यावर ठरतं. आणि संतांच्या तिथी पाहा. ज्ञानदेवांची समाधी कार्तिक वद्य त्रयोदशी, नामदेवांची आषाढ वद्य त्रयोदशी, नाथषष्ठी फाल्गुन वद्य षष्ठी, तुकाराम बीज फाल्गुन वद्य द्वितीया. जन्मतारखांवर पंडितांचे वाद आहेत. देह ठेवल्याच्या तिथी मात्र लाखो पायांनी चालून पाठ केलेल्या आहेत.

इथे एक खुलासा करतो, कारण उत्तरेकडे जाणाऱ्या भाविकांचा नेहमी गोंधळ होतो. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेत पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचं नाव एक, वद्य पक्षात वेगळं. आपली श्रावण वद्य अष्टमी मथुरेत भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. आळंदीची कार्तिक वद्य एकादशी काशीच्या पंचांगात मार्गशीर्षात पडते. चंद्र तोच, दिवस तोच, नाव फक्त दुसरं.

आतापर्यंत मी व्रताच्या दिवसाविषयी बोललो. पण तिथी तरी निर्विवाद असते का? महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की तीही माणसाला दुरुस्त करावी लागली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० साली ‘ग्रहलाघव’ रचला. त्रिकोणमितीची किचकट आकडेमोड टाळून ग्रहगणित करण्याची त्याची रीत इतकी सुटसुटीत होती की पुढे साडेतीन शतकं आपली पंचांगं त्यावर चालली. पण छोटी चूक साठत गेली. एकोणिसाव्या शतकात पंचांगातलं ग्रहण आणि आकाशातलं ग्रहण यांच्या वेळा जुळेनात. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ च्या सुमारास वेधाशी जुळणारं पंचांग काढायला सुरुवात केली. हे टिळकांचे गणिताचे गुरू. त्यांच्या पाठोपाठ शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि व्यंकटेश बापूजी केतकर आले.

सनातनी पक्षाचा आक्षेप ऐकण्यासारखा होता. ते म्हणाले, ग्रहणाला तुमचं गणित वापरा, व्रताला नको. जुन्या नियमाप्रमाणे तिथी ६० घटकांहून फार तर ५ घटका वाढते आणि ६ घटका घटते. त्याला ‘बाणवृद्धी रसक्षय’ म्हणत. नव्या गणितात ती ७ घटका वाढू लागली आणि १० घटका घटू लागली. शास्त्रातले श्राद्ध-उपवासाचे नियम जुन्या मर्यादेवर बेतलेले, ते नव्या तिथीला कसे लावायचे? प्रश्न खरा होता. पण चंद्र त्या मर्यादेत राहत नव्हता, हेही तितकंच खरं. अखेर चंद्राचं ऐकावं लागलं.

सुधारकांतही एकमत झालं नाही. राशिचक्राचा आरंभ कुठे धरायचा, रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्यापाशी की चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपाशी? टिळकांचा कौल रेवतीला, केतकरांचा चित्रेला. फरक सुमारे ४ अंशांचा. ४ अंश म्हणजे सूर्याचे ४ दिवस. संक्रांत ४ दिवस अलीकडे आली की काही वर्षी अधिक मासच बदलतो. म्हणून टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत गणपती क्वचित इतरांच्या एक महिना आधी बसतात. मूर्तिकाराला त्या घरांची यादी वेगळी ठेवावी लागते.

स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तेव्हा देशात ३० च्या आसपास कालगणना चालू होत्या. समितीत महाराष्ट्राशी नातं असलेले के. ल. दप्तरी आणि ज. स. करंदीकर हेही होते. १९५५ मध्ये अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती कारभारात जेमतेम रुजली. लोकांच्या घरी मात्र पोहोचलं ते सोलापूरचं दाते पंचांग, आणि १९७३ पासून जयंतराव साळगावकरांचं ‘कालनिर्णय’. ज्या माहितीसाठी पूर्वी भटजींची वाट पाहावी लागे ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगली गेली. माझ्या मते महाराष्ट्रातल्या धर्मजीवनात गेल्या पन्नास वर्षांत झालेला हा मोठा बदल आहे. एकादशी कधी, हे आता घरातली कुणीही बाई स्वतः वाचून सांगते.

उपवासाच्या ताटाचंही तेच, तेही माणसानेच ठरवलेलं. साबुदाणा कसाव्याच्या कंदापासून होतो. हे झाड दक्षिण अमेरिकेचं, आणि तामिळनाडूतल्या सेलमला साबुदाण्याचे कारखाने सुरू झाले ते १९४० नंतरच्या दशकात. बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी अमेरिकेतून पोर्तुगिजांच्या काळात आलेली. ज्ञानदेव-नामदेवांनी साबुदाण्याची खिचडी पाहिली नव्हती. आपण गहू-तांदूळ सोडून वरी खातो. दक्षिणेत कितीतरी घरांत फक्त भात वर्ज्य, रव्याचा उपमा चालतो. जगन्नाथपुरीला तर एकादशीलाही भाताचा महाप्रसाद घेतात. कोथिंबीर चालते की नाही, यावर दोन जावांत वाद होतो तो याच कारणाने. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच लोकांनी केली, म्हणजे या साऱ्यातली गंमत त्यांनाही कळत होती.

श्रोतेहो, इथवर ऐकून कुणी म्हणेल की सगळंच माणसाने ठरवलेलं असेल, तर मग पाळायचं कशाला? मी उलट म्हणतो. माणसाने ठरवलं, म्हणून त्याची जबाबदारी माणसावर येते. जुन्या बंगालमध्ये वरच्या जातींतल्या विधवांना, अगदी लहान वयाच्या मुलींनाही, एकादशीला पाण्याचा थेंब मिळत नसे. उन्हाळ्यात तापाने फणफणलेल्या मुलीला पाणी नाकारणाऱ्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. पण आकाशाने फक्त १२ अंशांचं अंतर दिलं होतं. पाणी नाकारलं ते घरातल्या माणसांनी. त्याच धर्मशास्त्रात असंही सांगितलेलं आहे की पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही. उपवासाची वयोमर्यादाही आठ ते ऐंशी अशी दिलेली आहे. ग्रंथात दोन्ही होतं, आणि त्यातलं कोणतं पुढे आणायचं हे माणसांनी निवडलं.

आणि पंढरपुरानेच आणखी एक उपवास पाहिला आहे. १ मे १९४७ ला साने गुरुजी तिथे तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. विठ्ठलाचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं, एवढीच मागणी. १० मे रोजी उपोषण सुटलं आणि मंदिराचं दार उघडलं. ज्या गावात ‘धर्मसिंधु’ लिहिला गेला, ज्या गावात शतकानुशतकं एकादशीचा वेध पाहिला गेला, तिथला माझ्या मते सर्वात मोलाचा उपवास हा. पंचांगात त्याला तिथी नव्हती. तो दिवस एका माणसाने आपल्या सद्सद्विवेकाला विचारून ठरवला.

म्हणून जाता जाता तीन विनंत्या करतो. एक, पंचांग वाचायला शिका आणि मुलांना शिकवा. तिथी कधी संपते आणि सूर्य कधी उगवतो, हे दोन आकडे शेजारी ठेवले की निम्मे वाद मिटतात. दोन, तुमच्या घरात जी एकादशी चालत आली ती खुशाल करा, आणि शेजाऱ्याची उद्या असेल तर त्याला आज हटकू नका. तीन, घरातल्या आजारी माणसाला, मधुमेह असलेल्या आईला, दिवस गेलेल्या सुनेला उपवासाचा आग्रह करू नका. त्यांचं औषध आणि जेवण वेळेवर होऊ द्या. शास्त्राने त्याला परवानगी दिलेली आहे, आणि शास्त्राने दिली नसती तरी आपण ती द्यायला हवी होती.